फॉर्ममधला अटकेचा रकाना

मुलांनो, सतराव्या वर्षी मोबाइल चोरताना सापडलं की भरतीचं दार कायमचं बंद, असं गावोगाव सांगतात. तसं नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्यातलं कलम २४ पाहा. अठराच्या आतला मुलगा अशा चोरीत दोषी ठरला तरी त्याला त्यापायी अपात्र ठरवता येत नाही. अपिलाची मुदत संपली की रेकॉर्डही नष्ट करायचं असतं.

अठरानंतर अटक झाली असेल तर गोष्ट वेगळी. फॉर्मवर ‘कधी अटक झाली होती का?’ असं विचारलं, तर निर्दोष सुटला असाल तरी ‘हो’ लिहा. एजंट म्हणतो, ‘नाही लिही.’ त्याचं काय जातं? पोलीस पडताळणीत कळतं आणि लागलेली नोकरीही जाऊ शकते. खरं सांगितल्यावर नोकरी मिळेलच असं नाही. पण किरकोळ प्रकरणात वयाचा विचार होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये अवतार सिंग खटल्यात मान्य केलंय. निकालाची प्रत जपून ठेवा.