दुकानाचे तोंड रस्त्याकडे

(डोंबिवलीतील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



व्याख्यानमालेत संतसाहित्य येते, संगीत येते, अर्थसंकल्प येतो. दुकानांच्या दर्शनी भागावर बोलू द्या, असे मी म्हटले तेव्हा आयोजकांनी लगेच होकार दिला, याबद्दल त्यांचे मनापासून आभार. विषय आपल्या रोजच्या वाटेवरचा आहे. आपल्यातले बहुतेक जण संध्याकाळी स्टेशनचा जिना उतरतात आणि भाजी, पाव, औषधाची गोळी, मुलाची वही असे काहीतरी हातात घेऊनच घरी पोचतात. डोंबिवलीचा बाजार या चालण्यावर उभा राहिलेला आहे. गाडी लागली की माणसांचा लोंढा बाहेर पडतो आणि पूर्वेला रामनगर, फडके रोड, केळकर रोड, तर पश्चिमेला विष्णूनगर असा पसरत जातो. दुकाने या लोंढ्याच्या काठाकाठाने वाढली. म्हणून ती अरुंद आहेत, आत खोल आहेत आणि रस्त्याला चिकटून आहेत. रस्त्याकडची दहा फूट रुंदी हीच दुकानदाराची खरी मालमत्ता. आतला माल त्यानंतर.

जुने दुकान कसे होते ते आठवा. वर मंगलोरी कौले, पुढे उतरती पागोळी, खाली ओटा. सकाळी एकेक फळी काढून भिंतीशी उभी करायची आणि रात्री दुकान वाढवताना त्याच क्रमाने बसवायची, म्हणून फळ्यांवर आकडे घातलेले. दाराच्या वर लाकडी चौकटीत रंगवलेली पाटी. गल्ल्यावरचा माणूस रस्त्याकडे तोंड करून बसलेला. कोण आले, कोण गेले, कुणाच्या आजोबांना आज घरी जायला उशीर झाला, हे त्याला दिसत असे. जेन जेकब्स या लेखिकेने १९६१ साली न्यूयॉर्कच्या आपल्या वस्तीबद्दल पुस्तक लिहिले. पाहुणा येणार असेल तर घराची किल्ली कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे ठेवायची, ही तिथली रीत त्यात नोंदलेली आहे. वाण्याकडे किल्ली ठेवून ऑफिस गाठणाऱ्या डोंबिवलीकरांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. त्या पुस्तकाचे म्हणणे असे, की रस्ता सुरक्षित राहतो तो रस्त्याकडे पाहणाऱ्या डोळ्यांमुळे, आणि दुकानदाराचे डोळे त्यात सर्वांत भरवशाचे.

आता फडके रोडवर जा आणि मान वर करून पाहा. दुकानाच्या वरचा मजला दिसतच नाही. कुठे फ्लेक्सचा फलक पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत चढलेला, कुठे अख्ख्या दर्शनी भागावर एसीपी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ थरांचे शीट ठोकलेले, त्यावर दिव्याची अक्षरे, शेजारच्याची अक्षरे त्याहून मोठी. हे असे का झाले, याचा दोष दुकानदाराच्या आवडीनिवडीवर टाकणे सोपे आहे. मला त्यामागे कायदा दिसतो.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १९४० च्या पातळीशी बांधले. युद्धानंतरच्या आणि फाळणीच्या काळात बेघरांना आणि छोट्या व्यापाऱ्यांना त्याने आधार दिला, हे खरेच. पण तो कायदा अर्धे शतक चालला. भाडे गोठले, म्हणून पागडी आली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला मान्यता दिली आणि भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करायची मुभा दिली. पण ज्या आकड्यावर हे ४ टक्के लागायचे तो आकडाच क्षुल्लक होता. घरमालकाला त्या भाड्यात कौले चाळणेही परवडत नाही. दुकानदाराने मोठी पागडी मोजलेली असते, पण भिंत त्याची नसते. मग भिंतीला रंग कोण लावणार? सज्जाचे गज बाहेर आले तर गिलावा कोण करणार? दुकानदाराच्या पूर्ण हातातली एकच गोष्ट उरते, ती म्हणजे पाटी. म्हणून पाटी वाढत गेली आणि वाली नसलेली भिंत तिच्यामागे दडून पोखरली जात राहिली. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, त्यातल्या कितीतरी इमारतींच्या तळमजल्यावर आपण रोज खरेदी करतो. जुलै २०१५ मध्ये ठाकुर्लीला इमारत कोसळून माणसे दगावली, ते आपल्यापैकी कुणी विसरलेले नाही. तेव्हा दर्शनी भागाची डागडुजी म्हटल्यावर कुणी निव्वळ रंगरंगोटी समजू नये. फलक उतरवला की भेग दिसते, आणि दिसलेली भेग दुरुस्त होण्याची निदान शक्यता असते.

पाटीचे रूप बदलण्याची एक मोठी संधी नुकतीच येऊन गेली. २०२२ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली आणि लहान दुकानांनाही देवनागरीत मराठी नामफलक सक्तीचा झाला. मराठी अक्षरे इतर लिपींपेक्षा लहान चालणार नाहीत, असेही ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. हा कायदा मला मनापासून मान्य आहे. पण अक्षर कोणते हवे एवढेच तो सांगतो. पाटी कुठे बसवावी, भिंत किती झाकावी याबद्दल त्यात काही नाही. मुदतीच्या घाईत जुन्याच फलकावर नवा फ्लेक्स चढला. त्याच वेळी गावातल्या व्यापाऱ्यांनी, वास्तुरचनाकारांनी आणि अक्षरकारांनी एकत्र बसून पाटीची एक रेषा ठरवली असती, तर एकाच खर्चात दोन कामे झाली असती. देवनागरीला शिरोरेषा आहे. ओळीने दहा दुकानांच्या पाट्या एका उंचीवर आल्या तर ती रेषा रस्त्याच्या टोकापर्यंत सलग धावते. हे सौंदर्य आपल्या लिपीने आपल्याला फुकट दिलेले आहे, आणि आपण ते घेत नाही याचे मला फार वाईट वाटते.

असे काम कुठे झाले आहे का? झाले आहे, आणि लोकलने तासाभराच्या अंतरावर झाले आहे. सीएसएमटीला उतरून फ्लोरा फाउंटनकडे चालू लागलात की दादाभाई नौरोजी रोड लागतो. पूर्वीचा हॉर्नबी रोड. किल्ल्याचे तट १८६० च्या दशकात पाडल्यावर तो आकाराला आला, आणि पादचाऱ्यांना ऊन-पाऊस लागू नये म्हणून इमारतींच्या तळमजल्यावर कमानींची सलग पडवी ठेवलेली आहे. विसाव्या शतकाच्या शेवटी त्या कमानी जाहिरातफलकांनी बुजून गेल्या होत्या. १९९५ मध्ये मुंबईत वारसा-नियमावली आली आणि पुढच्या काही वर्षांत वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांनी या रस्त्यासाठी फलकांचा आराखडा केला. त्याचे सूत्र साधे होते. पाटी कमानीच्या आत बसवा, कोरीवकाम झाकू नका, आकार इमारतीच्या मापात ठेवा. तिथल्या दुकानदारांनी आणि कार्यालयांनी ‘हेरिटेज माइल असोसिएशन’ नावाची आपली संघटना उभी केली. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पालिकेने हातोडा मारून काढलेला फलक आठवड्यात परत चढतो. शेजाऱ्याशी बोलून उतरवलेला परत चढत नाही.

अमेरिकेत याच कामाची मोठी चळवळ झाली. तिकडे दुसऱ्या महायुद्धानंतर महामार्गांच्या कडेला मॉल उभे राहिले आणि लहान गावांतले मधले बाजार ओस पडू लागले. घाबरलेल्या दुकानदारांनी आधुनिक दिसावे म्हणून विटांच्या जुन्या इमारतींवर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे ठोकले. गिऱ्हाईक त्याने परतले नाही. १९७७ मध्ये तिथल्या राष्ट्रीय वारसा न्यासाने गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन गावांत मेन स्ट्रीट नावाचा प्रयोग सुरू केला. प्रत्येक गावाला पूर्णवेळ एक व्यवस्थापक दिला. त्याने दुकानदारांच्या बैठका घेतल्या, पत्रे उतरवायला लावले, सण-उत्सव बाजारात आणले, रिकाम्या गाळ्यांना भाडेकरू शोधले. आज शेकडो गावे त्या पद्धतीने काम करतात. पत्र्याचा प्रकार ऐकताना मला आपले एसीपी शीट दिसत होते. आपण पन्नास वर्षे उशिरा तेच करत आहोत.

पण आपली अडचण त्यांच्याहून वेगळी आहे, आणि इथे मला थोडा वेळ थांबायचे आहे. त्यांच्या इमारती टिकणार होत्या, आपल्या पडणार आहेत. स्टेशनभोवतीच्या जुन्या चाळी आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत, आणि ते होणे योग्यच आहे. माणसाच्या जिवापेक्षा कौले मोठी नाहीत. मग जपायचे काय? मी म्हणतो, दुकानाचा रस्त्याशी असलेला संबंध जपा. करारनाम्यात दुकानदाराला चटईक्षेत्र मिळते. जुने दीडशे चौरस फूट तर नवे दीडशे, वर थोडे जास्त. चौरस फुटांचा हिशेब चोख होतो आणि दुकान मात्र मरते. कारण तळमजल्यावर पुढे गाड्या लावायची जागा येते, दुकान मागे सरकते. जोते तीन-चार फूट उचलले जाते, मग पायऱ्या येतात. गुडघे दुखणाऱ्या आजी त्या पायऱ्या चढत नाहीत. दहा फुटांचे तोंड सहा फुटांचे होते आणि खोली वाढते. काही ठिकाणी दुकान आतल्या गल्लीत जाते, जिथे स्टेशनवरून घरी जाणाऱ्याचे पाऊल पडण्याचे कारणच नाही. शिवाय बांधकामाची तीन-चार वर्षे पर्यायी जागेचे भाडे मिळते, पण तेवढ्यात तुटलेले गिऱ्हाईक कोण आणून देणार?

तेव्हा ज्यांच्या इमारती या वाटेवर आहेत त्या दुकानदारांना माझी विनंती आहे. करारात क्षेत्रफळाच्या जोडीला आणखी काही मापे लिहून घ्या. रस्त्याकडची रुंदी फुटांत, जोत्याची उंची इंचांत, पाटीची जागा नकाशावर. पदपथाला लागून सलग पडवी मागा, पावसाळ्यात त्याचा उपयोग पहिल्याच दिवशी कळेल. बांधकाम चालू असताना दुकान त्याच रस्त्यावर राहील अशी तात्पुरती सोय मागा. सोसायटीतल्या रहिवाशांनी या मागण्यांना पाठिंबा द्यावा. सदनिकाधारकांना दुकानांचे वावडे असते, हे मी पाहिले आहे. पण संध्याकाळी इमारतीखाली उजेड आणि जाग असते ती दुकानांमुळे.

पैसा कुठून येणार, असे विचारले जाते. पाटी बदलणे, सज्जा दुरुस्त करणे, फळ्यांच्या जागी जाळीचे शटर बसवणे ही लाखो रुपयांची कामे नाहीत. या गावात १९७० साली लोकांनी स्वतःच्या ठेवींवर डोंबिवली नागरी सहकारी बँक उभी केली. अशा सहकारी बँकांनी दर्शनी भागाच्या दुरुस्तीसाठी छोटे, सवलतीचे कर्ज द्यावे, असा प्रस्ताव व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन द्यायला हवा. गावचीच ठेव गावच्या बाजाराला मिळावी, यात गैर काय आहे?

राहिली आपली, गिऱ्हाइकांची बाजू. सगळे इथेच घ्या, असे मी म्हणणार नाही. महिन्याचे वाणसामान डीमार्टमध्ये स्वस्त पडते, आणि पगारात घर चालवणाऱ्याला तो फरक मोठा असतो. पलावाच्या मॉलमध्ये मुलांना न्यावेसे वाटते, तेही समजते. मला काळजी आहे ती दहा मिनिटांत घरपोच येणाऱ्या पिशवीची, कारण ती नेमकी स्टेशन ते घर या चालण्यावरच घाला घालते. चालणे थांबले की फेरीवाला जातो, त्याच्यामागे दुकान जाते. फेरीवाल्यांबद्दल मतभेद आहेत. स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत त्यांनी बसू नये, असे उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. पण २०१४ च्या केंद्रीय कायद्याने त्यांना जागा आखून देण्याची जबाबदारीही पालिकेवर टाकली आहे. चालायला मोकळा पदपथ आणि भाजीवालीला हक्काची जागा, दोन्ही हवे.

दुकानदारांनीही ऐकून घ्यावे. खराब निघालेला माल परत घेताना कपाळावर आठी नको. बिल मागावे लागू नये. १९८६ पासून चालत आलेली पै यांची फ्रेंड्स लायब्ररी पाहा. वाचनालये एकामागून एक बंद पडण्याच्या काळात ती वाढली, कारण तिने वाचकाला धरून ठेवले.

आणि या व्याख्यानमालेची पत्रिका एकदा उलटून मागची बाजू पाहा. खाली जाहिराती आहेत, एका मिठाईवाल्याची, एका चष्म्याच्या दुकानाची, एका साडीच्या दुकानाची. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत तीच नावे, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पुस्तिकेतही तीच. आपण ज्याला डोंबिवलीचे सांस्कृतिक जीवन म्हणतो त्याच्या छपाईचा खर्च कित्येक वर्षे या दहा फुटांच्या गाळ्यांनी उचलला आहे. घरपोच पिशवी पाठवणाऱ्या कंपनीकडे वर्गणीची पावती घेऊन जायचे, तर तिथे कोणत्या दारावर टकटक करायची?

सुरुवात कुठून करायची, यावर प्रश्नोत्तरांत वाद होईल आणि तो व्हावा. कुणी केळकर रोड म्हणेल, कुणी विष्णूनगर. माझे मत फडके रोडच्या बाजूने आहे, त्यातही अप्पा दातार चौकापासून गणेश मंदिराकडच्या छोट्या पट्ट्याच्या. १९९९ मध्ये गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा या मंदिराच्या पुढाकाराने निघाली आणि मग ती प्रथा महाराष्ट्रभर गेली. दिवाळीच्या पहाटे सगळी तरुण डोंबिवली याच रस्त्यावर येते. त्या दोन सकाळी इथे वाहने नसतात, फक्त माणसे असतात आणि ती दुकानांच्या ओट्यांवर, पायऱ्यांवर उभी असतात. म्हणजे मोकळ्या रस्त्याचा अनुभव गावाला आहे, दुकानदारांनाही आहे. पुढच्या पाडव्याच्या आत या पट्ट्यातल्या दुकानांची मापे घेऊन, छायाचित्रे काढून, पाटीची एक रेषा कागदावर आखून ती मंदिराच्या सभागृहात मांडता येईल. त्यासाठी वास्तुरचनेचे पाच-सहा विद्यार्थी, एक अक्षरकार आणि बैठकीला येणारे दुकानदार लागतील. जे दुकानदार आज इथे बसलेले आहेत त्यांनी कार्यक्रमानंतर कृपया थांबावे. आपण नावे लिहून घेऊ.