सहा महिने म्हणजे नक्की किती?

आजचा भाग छोटा आहे, पण विषय आमच्या घरातला. कॅनडाचा पीआर.

एक्स्प्रेस एन्ट्रीतून अर्ज भरला आणि आईला सांगून टाकलं, "सहा महिन्यांत निघतो." त्या भरवशावर टीम लीडची जागा नाकारली. फ्रिज कुरकुरायला लागला, तर म्हटलं, आता नवा कशाला? आज आठवा महिना चालू आहे.

चूक माझी. सहा महिने हे वचन नाही. 100 पैकी 80 अर्ज तेवढ्या वेळात निकाली काढायचे, असं ते उद्दिष्ट आहे. म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे झालं तरी पाचातला एक जण मागे राहू शकतो. सर्व्हरचे असे आकडे मी रोज बघतो हो! स्वतःच्या अर्जाला मात्र विसरलो.

दुसरं, घड्याळ कधी सुरू होतं? प्रोफाइल बनवल्यावर नाही, निमंत्रण आल्यावरही नाही. निमंत्रणानंतर अर्ज भरायला 60 दिवस मिळतात. पूर्ण अर्ज पोहोचला की मोजणी सुरू. कागद अपुरे असतील तर अर्ज परत येऊ शकतो. आणि मेडिकल 12 महिनेच चालतं, ती तारीख लिहून ठेवा.

परवा आईला खरं सांगितलं, "तारीख मलाच माहीत नाही गं." ती म्हणाली, "मग फ्रिज तरी घेऊया."

घेतला. तुमचं काय अडलंय, ते बघा. भेटू पुढच्या भागात!