उन्हाळ्यातलं परवडणारं ताट

बीडजवळच्या पालीच्या बिंदुसरा प्रकल्पातलं पाणी उन्हाळ्यात घटतं, तसा परिसरातला भाजीपाला कमी होऊन भाव चढतात. पण भाजी परवडत नाही म्हणून ताट निकस ठेवण्याचं कारण नाही. ज्वारी आणि कडधान्यं हा मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतीचा भरवशाचा ठेवा आहे. शंभर ग्रॅम तूरडाळीत किंवा मटकीत सुमारे 22 ग्रॅम प्रथिनं असतात, आणि ही कडधान्यं साठवायला फ्रीज लागत नाही.

कुणी म्हणेल, डाळही महागच आहे. खरं आहे, म्हणून एकाच डाळीवर विसंबू नये. तूर महागली तर हरभरा, मटकी, हुलगा आहेत. दुसरा आक्षेप असा, की वनस्पतींतली प्रथिनं अपुरी असतात. ज्वारीत लायसिन कमी असतं, ती उणीव डाळ भरून काढते. म्हणून भाकरी-वरण ही जोडी सकस ठरते. बी-12 जीवनसत्त्व मात्र वनस्पतींतून मिळत नाही, त्यासाठी दूध-ताक हवं. उसळीवर लिंबू पिळलं तर लोह चांगलं अंगी लागतं. जेवणासोबतचा चहा त्यात अडथळा आणतो. उन्हात राबणाऱ्यांना ताकातली आंबील पाणी आणि मीठ दोन्ही देते. भाव पाहून कडधान्य जरूर बदला, पण ताटातून ते वगळू नका.