न वाजलेली शिट्टी कोणाची?

पत्रिकेवर विषय छापला होता ‘बास्केटबॉलचे पंच आणि तंत्रज्ञान’. उन्हाळी व्याख्यानमालेच्या त्या संध्याकाळी तंत्रज्ञानाच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटं आली. वक्ते स्वतः बरीच वर्षं गळ्यात शिट्टी अडकवून मैदानात धावलेले. त्यांच्या मनात एकच गोष्ट घर करून बसलेली, आणि ती त्यांनी नमस्कार-चमत्कार आटोपताच सांगून टाकली. शिट्टी ज्याची, निर्णय त्याचा. निर्णय चुकला तर चूकही त्याचीच. ती सहकाऱ्यांत वाटून घ्यायची नाही, संघटनेच्या पत्रकात विरघळवायची नाही, आणि पुढच्या मिनिटाला समोरच्या संघाला फुकटचा फाउल देऊन फेडायची तर मुळीच नाही.

‘फाउल म्हणजे काय, ट्रॅव्हलिंग म्हणजे काय, हे तुम्हाला मी काय सांगायचं,’ असं म्हणून ते पुढे सरकले. खरं तर सांगायला हवं होतं. मागच्या रांगांतले बरेचजण नातवाला नाव घालायला नेतात, एवढीच त्यांची या खेळाशी ओळख.

फळ्यावर मात्र त्यांनी मैदान झकास काढलं. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनबीएत, 1988-89च्या हंगामापासून कायम तीन पंच असतात. एक बास्केटखाली बेसलाइनवर, तो लीड. दुसरा हल्ल्याच्या मागे, मधल्या रेषेकडे, तो ट्रेल. तिसरा समोरच्या बाजूला फ्री थ्रोच्या रेषेच्या आसपास, तो सेंटर. चेंडू बाजू बदलतो तसे हे तिघेही जागा बदलतात, पण कोणत्या क्षणी मैदानाचा कोणता तुकडा कोणाच्या नजरेखाली आहे, हे ठरलेलं असतं. चेंडू ज्याच्या तुकड्यात नाही त्यानं चेंडूकडे पाहायचं नाही; बास्केटखाली चाललेली ढकलाढकली पाहायची. ‘चेंडू बघायला तिकीट काढून आलेले लोक आहेत. पंचाला पैसे मिळतात ते चेंडू न बघण्याचे.’ तीन पंच, तीन शिट्ट्या, असं ते म्हणत असतानाच पुढच्या रांगेतून एक आजी उद्गारल्या, ‘तिसरीला गॅस बंद!’ सभागृह हसलं. वक्तेही हसले, पण धागा सोडला नाही. तुकडे वाटलेले असतात, म्हणूनच न वाजलेल्या शिट्टीलाही मालक असतो. ‘कोणालाच दिसलं नाही’ ही सबब त्यांना मान्य नाही. ज्याच्या तुकड्यात घडलं, त्याला दिसायला हवं होतं.

उदाहरण जानेवारी 2023चं. बॉस्टनमध्ये सेल्टिक्स विरुद्ध लेकर्स, बरोबरी, शेवटचे क्षण. लेब्रॉन जेम्स बास्केटकडे झेपावला, जेसन टेटमचा हात त्याच्या हातावर बसला, चेंडू हुकला, आणि शिट्टी वाजलीच नाही. जेम्स गुडघ्यांवर कोसळला. त्याचा सहकारी पॅट्रिक बेव्हर्ली कोर्टाशेजारच्या छायाचित्रकाराचा कॅमेरा घेऊन पंचाला फोटो दाखवायला गेला आणि टेक्निकल फाउल पदरात पाडून परतला. जादा वेळेत लेकर्स 125-121 असे हरले. रात्री क्रू-चीफनं, म्हणजे तिघांतल्या मुख्य पंचानं, पत्रकारांच्या प्रतिनिधीला सांगितलं, की स्पर्श झाला होता, तो आमच्या नजरेतून सुटला. पुढे पंचांच्या संघटनेनं ट्विटरवर चूक कबूल करून या निर्णयानं पंचांची झोप उडेल असंही लिहिलं. वक्त्यांना हीच रीत खटकते. खुलासा करायला क्रू-चीफ, दिलगिरीला संघटना. आणि ज्याच्या तुकड्यात हात बसला, तो कुठे?

मग तंत्रज्ञानाची दहा मिनिटं आली. न्यू जर्सीतल्या सिकॉकस गावात 2014-15पासून चालणारं रीप्ले सेंटर, 2019-20पासून प्रशिक्षकाला मिळालेलं, पंचाच्या निर्णयाला आव्हान देण्याचं अस्त्र, आणि मार्च 2015पासून निघणारे ‘शेवटच्या दोन मिनिटांचे’ अहवाल. अटीतटीच्या सामन्याच्या अखेरच्या दोन मिनिटांतला एकेक निर्णय बरोबर होता की चूक, हे लीग दुसऱ्या दिवशी जाहीर करते. निकाल अर्थातच बदलत नाही. ‘म्हणजे पेशंट गेल्यावर निदान बरोबर,’ असा शेरा वक्त्यांनी मारला आणि टाळी घेतली. टाळी बरोबर, शेरा थोडा अन्यायाचा. असे अहवाल निघू लागण्याआधी हे मोजमाप लीगच्या कपाटातच राहायचं. आता हरलेल्या गावातलं शाळकरी पोरही ते वाचू शकतं.

त्यांचा खरा राग 1994च्या एका शिट्टीवर निघाला. न्यूयॉर्क निक्स विरुद्ध शिकागो बुल्स, प्लेऑफ मालिकेतला पाचवा सामना. बुल्स 86-85 असे पुढे, घड्याळात 2.1 सेकंद. ह्यूबर्ट डेव्हिसनं फेकलेला चेंडू हातातून सुटल्यावर स्कॉटी पिपेनचा हात त्याच्या हाताला लागला आणि ह्यू हॉलिन्सनं फाउल दिला. दोन्ही फ्री थ्रो आत, निक्स 87-86. त्या सामन्यात हॉलिन्ससोबत डॅरेल गॅरेटसन होते, आणि ते लीगच्या पंचांचे प्रमुखही होते. त्या रात्री त्यांनी शिट्टीची पाठराखण केली. काही महिन्यांनी तो निर्णय अत्यंत वाईट होता, असं बोलून मोकळे झाले. ‘पाठराखण करायची तर शेवटपर्यंत करा, नाहीतर हॉलिन्सला बोलू द्या!’ वक्त्यांचा आवाज चढला. व्यासपीठावर अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

इथून पुढे बेत कोलमडला. म्युनिक ऑलिंपिकचा उल्लेख टिपणात असणार दोनच ओळींचा; त्याची झाली चांगली अर्ध्या तासाची कथा. 1972, अमेरिका विरुद्ध सोव्हिएत संघ, अंतिम सामना. अमेरिका तोवर ऑलिंपिकमध्ये एकही सामना हरलेली नव्हती. तीन सेकंद उरलेले, डग कॉलिन्सचे दोन्ही फ्री थ्रो आत, अमेरिका 50-49. दुसऱ्या थ्रोच्या सुमारास गुणलेखकांच्या टेबलावरून हूटर वाजला. सोव्हिएत बाकावरून ओरड, की आम्ही टाइमआउट मागितला होता. खेळ सुरू झाला, एक सेकंद उरला असता थांबला. आणि प्रेक्षकांतून उठून फिबा या जागतिक बास्केटबॉल संघटनेचे महासचिव विल्यम जोन्स टेबलापाशी आले. घड्याळ तीन सेकंदांवर न्या, म्हणाले. या माणसाच्या हातात ना शिट्टी, ना सामन्यावर अधिकार. तरी घड्याळ मागे गेलं. दुसऱ्यांदा चेंडू टाकला तेव्हा घड्याळ लावून व्हायचंच होतं. हूटर वाजला, अमेरिकनांनी नाचायला सुरुवात केली, आणि पुन्हा तेच तीन सेकंद. या वेळी इव्हान एडेश्कोनं या टोकापासून त्या टोकाला चेंडू भिरकावला, अलेक्झांडर बेलोवनं तो झेलून बास्केटमध्ये घातला. 51-50.

वक्त्यांनी एडेश्कोचा तो लांब पास हात फिरवून दाखवला आणि पाण्याचा पेला टेबलावरून खाली गेला. कार्यकर्ता फडकं घेऊन धावला, तोवर ते ब्राझीलच्या रेनातो रिगेत्तोपाशी पोचले होते. मैदानावरच्या दोन पंचांपैकी एक. त्यांनी स्कोअरशीटवर सही करायला नकार दिला. अमेरिकेचं अपील पाच जणांच्या समितीनं तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळलं. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदकं आजवर स्वीकारलेली नाहीत. वक्त्यांचा मानकरी मात्र खेळाडू नव्हे, रिगेत्तो. जो निर्णय माझा नाही त्याखाली माझी सही नाही, इतकं साधं त्यांचं म्हणणं. फिबाच्या नियमांत आज स्पष्ट लिहिलं आहे, की एका पंचानं आपल्या अखत्यारीत दिलेला निर्णय दुसऱ्या पंचाला डावलता येत नाही. प्रेक्षकांतल्या महासचिवाला तर नाहीच नाही.

चिठ्ठी आली. ती वाचून त्यांनी खिशात घातली आणि गाडी सुसाट सोडली. दुरुस्त करता येणाऱ्या चुका कोणत्या, हा प्रकरणाचा गाभा. पण ‘ते नियमपुस्तकात आहे’ म्हणत उडवला गेला. फुकट दिलेला किंवा द्यायचा राहिलेला फ्री थ्रो ठराविक मुदतीत दुरुस्त होतो, फाउल होता की नव्हता याचा अंदाज चुकला तर तो होत नाही, एवढं एका वाक्यात. अटलांटाची गोष्टही धावतीच. डिसेंबर 2007मध्ये टेबलावरच्या मोजणीत मायामीच्या शाकील ओनीलचा पाचवा फाउल सहावा, म्हणजे बाद करणारा, धरला गेला आणि तो बाहेर बसला. लीगनं मार्च 2008मध्ये शेवटची 51.9 सेकंदं पुन्हा खेळवली. तोवर ओनील मायामी सोडून फिनिक्सला गेलेला! एकही गुण न होता निकाल तसाच राहिला. एवढी मोलाची गोष्ट म्युनिकच्या पायी दोन मिनिटांत गुंडाळली गेली.

प्रश्नोत्तरांत क्रिकेट येणारच होतं. डीआरएस कसं वाटतं, या प्रश्नाला ‘तिथं पंच उभा असतो, इथं पळतो’ हे उत्तर पुरलं. स्थानिक स्पर्धांत पंचगिरी करणारे एक गृहस्थ मात्र उठले ते तावातच. ‘सर, आमच्याकडे तीन पंच कुठले, दोन मिळाले तरी नशीब. कॅमेरा नाही. चूक कबूल केली तर पार्किंगमध्ये दुसऱ्या संघाचे पालक उभे असतात.’ टाळ्या वक्त्यांपेक्षा यांना जास्त पडल्या. वक्ते थोडे ओशाळले. कबुली सामन्यानंतर आणि लेखी असावी, अशी माघार त्यांनी घेतली.

अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थिनीनं प्राइस आणि वुल्फर्स यांच्या संशोधनाची आठवण दिली. एनबीएतल्या फाउलांत पंच आणि खेळाडू यांच्या वंशाचा प्रभाव त्यांना आढळला होता. 2007मध्ये त्याचा वर्तमानपत्रांत गाजावाजा झाल्यावर तो कल दिसेनासा झाला, असं पुढच्या अभ्यासात निघालं. ‘बघा, हेच मी म्हणतोय!’ वक्ते खूश झाले. पण त्या अभ्यासानं कुणा एका पंचाला चव्हाट्यावर आणलं नव्हतं. चर्चा सगळ्यांच्या एकत्रित आकड्यांची झाली होती. म्हणजे पुरावा त्यांच्या बाजूनं कमी, विरुद्धच अधिक. वेळ असता तर त्या मुलीनं हे नक्की सुनावलं असतं.

आभाराचे हार टेबलावर येऊन पडले असताना शेवटचा प्रश्न एका कोवळ्या पंचाचा होता. दोघांनी एकदम शिट्टी मारली, एकानं बचावपटूचा ब्लॉक दाखवला, दुसऱ्यानं चेंडूवाल्याचा चार्ज, तर? अमेरिकेतल्या शाळकरी सामन्यांत असं झालं तर दोघांवरही फाउल लागतो, वक्त्यांनी सांगितलं. म्हणजे पंचांच्या घाईचा दंड खेळाडूंनी भरायचा. ते खुर्ची सरकवून पुढे आले. शिट्टीबरोबर मूठ वर न्यायची, घड्याळ थांबतं. हात तिथंच ठेवायचा. कमरेवर नाही, डोक्यामागे नाही. जोडीदाराची मूठ वर दिसली तर त्याच्या डोळ्यांत बघायचं. खेळ ज्याच्याकडे येत होता तो घेईल, दुसऱ्यानं हात खाली आणायचा. मुलानं मूठ वर केली. ‘कोपर सरळ,’ वक्ते म्हणाले, आणि अध्यक्ष माइककडे सरकले.