मुलांनी काय पाहावे, हे कोणी ठरवायचे?

(नागपुरात झालेल्या एका पालक मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



‘कुटुंब आणि चित्रपट’ या विषयावर बोलायला उभे राहिले की वक्त्यापुढे दोन सोप्या वाटा असतात. आजकालच्या चित्रपटांना झोडपून काढावे, म्हणजे टाळ्या हमखास मिळतात. किंवा दहा सात्त्विक चित्रपटांची यादी वाचून दाखवावी, म्हणजे पालक ती वहीत उतरवून घेतात आणि वही कपाटात जाते. मला या दोन्ही वाटांनी जायचे नाही. वाईट चित्रपट मुलांना दाखवू नयेत, हे येथे बसलेल्या कोणालाही सांगण्याची गरज नाही. अवघड प्रश्न आहे तो आपल्याला आवडणाऱ्या, आपल्या अभिमानाच्या चित्रपटांचा. त्याविषयी आपण आपसांत फारसे बोलत नाही, म्हणून आज बोलू.

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘छावा’ प्रदर्शित झाला. आपल्या परिचयातील ज्या घराने तो पाहिला नाही, असे घर नागपुरात क्वचितच सापडेल. शिवाजी सावंतांची कादंबरी १९७९ सालची. ती वाचून एक पिढी मोठी झाली होती, आणि आता पुढची पिढी पडद्यासमोर बसली. संभाजी महाराजांचे बलिदान पाहताना मोठ्यांचेही डोळे कोरडे राहिले नाहीत, हे स्वाभाविकच होते. त्याच दिवसांत भ्रमणध्वनीवर आणखी एक दृश्य फिरत होते. चित्रपटगृहात हमसून हमसून रडणारी लहान मुले! ती दृश्ये कौतुकाने पुढे पाठवली गेली. आपल्या मुलाच्या डोळ्यांत महाराजांसाठी पाणी आले, याचा अभिमान आईवडिलांना वाटला तर तो मी समजू शकतो. पण ते रडू नेमके कशाचे होते, हे त्या मुलाला कोणी विचारले का? हौतात्म्याच्या जाणिवेचे होते, की बांधलेल्या माणसाचे हालहाल डोळ्यांदेखत पाहण्याच्या भयाचे? सहा वर्षांच्या मुलाला हे दोन्ही वेगळे करता येत नाही. त्याच्या मनात महाराजांपेक्षा ती तापलेली सळईच अधिक काळ राहण्याचा संभव असतो. हा त्या बालकाचा दोष नव्हे, आणि चित्रपटाचाही नव्हे. प्रमाणन मंडळाने त्या चित्रपटाला ‘यूए १६+’ असे प्रमाणपत्र दिले होते. ते तिकिटाच्या गडबडीत आपण वाचले नाही, किंवा वाचूनही ‘आपलाच विषय आहे’ म्हणून सोडून दिले.

येथे एका गोष्टीची आठवण करून देतो. प्रदर्शनापूर्वी याच चित्रपटातील लेझीम नृत्याच्या दृश्यावर महाराष्ट्रात आक्षेप घेतला गेला, आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते दृश्य काढून टाकले. महाराजांच्या प्रतिमेविषयी समाज जागा होता, ही चांगलीच गोष्ट झाली. शेवटच्या अर्ध्या तासात काय आहे आणि ते कोणत्या वयाच्या मुलाने पाहावे, याची चर्चा मात्र फारशी कानावर आली नाही. महाराजांच्या मानाची काळजी घेणारा समाज त्यांच्या सर्वांत लहान भक्ताच्या झोपेची काळजी घ्यायला विसरला, असेच म्हणावे लागेल.

कायदा याबाबत काय म्हणतो? १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आपल्याकडे लागू आहे. १९८३ मध्ये ‘यूए’ हा वर्ग आला. बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा, असा त्याचा अर्थ होता. त्याच वर्षी ‘सेन्सॉर’ हा शब्द जाऊन मंडळाच्या नावात ‘प्रमाणन’ हा शब्द आला. लोकांच्या तोंडी अजून ‘सेन्सॉर’च आहे, ते असो. २०२३ च्या सुधारणेने या ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले. मात्र त्याच कायद्याने असेही म्हटले आहे, की ही वयाची खूण पालकांना विचार करता यावा म्हणून आहे आणि तिची अंमलबजावणी पालकांखेरीज दुसऱ्या कोणी करावयाची नाही. म्हणजे चित्रपटगृहाच्या दारावरचा माणूस तुमच्या सात वर्षांच्या मुलाला अडवणार नाही. अडवायचे असेल तर तुम्हीच अडवायचे. ‘ए’ प्रमाणपत्र असेल तेथे मात्र अठरा वर्षांखालील कोणालाही प्रवेश नाही, तेथे कायदाच आडवा येतो. एरवी शासनाने हा अधिकार सरळ आईवडिलांच्या हाती दिला आहे. कुटुंबव्यवस्थेचे महत्त्व आपण सभासंमेलनांतून सांगत असतो, आणि कुटुंबाला मिळालेला हा अधिकार तिकीटखिडकीवर सोडून येतो!

नागपूरकरांनी लक्षात ठेवावे असे एक नाव या प्रसंगी घेतो. न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला. ते येथल्या मॉरिस महाविद्यालयाचे विद्यार्थी, पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि अखेर देशाचे सरन्यायाधीश झाले. १९७० साली ख्वाजा अहमद अब्बास यांच्या एका अनुबोधपटाच्या खटल्यात निर्णय देताना त्यांनी चित्रपटांची वयानुसार वर्गवारी घटनासंमत ठरवली. त्यांच्या विवेचनाचा आशय असा, की इतर कोणत्याही कलाकृतीपेक्षा चित्रपट माणसाच्या भावना अधिक खोलवर ढवळतो, आणि मुलांवर व किशोरांवर त्याचा परिणाम विशेष होतो. आपली आजी हेच वेगळ्या शब्दांत सांगत असे.

२०२२ साली ‘द कश्मीर फाइल्स’ आला, तेव्हा हा प्रश्न आणखी तीव्रपणे उभा राहिला. त्याला ‘ए’ प्रमाणपत्र होते, आणि अनेक राज्यांनी तो करमुक्तही केला होता. आमच्या मुलांनी हा इतिहास पाहू नये काय, असे काही कार्यकर्ते तळमळीने विचारत. इतिहास मुलांना अवश्य कळावा. १९९० च्या जानेवारीत काश्मीर खोऱ्यातील हिंदूंवर घरदार सोडण्याची वेळ आली, हे आठवीतल्या मुलाला नकाशा समोर ठेवून, नावागावानिशी सांगता येते. त्यासाठी त्याला रक्ताने भिजलेले तांदूळ दाखवावे लागत नाहीत. विषय राष्ट्रीय असला की वयाची अट शिथिल होते, असा नियम बालमनाला ठाऊक नसतो. उलट अशाने एक धोका संभवतो. वारंवार रक्त पाहिलेले मूल पुढे रक्ताने हलत नाही. मग त्याला हुतात्म्याची कथाही केवळ एक मारामारीची कथा वाटू लागते.

यावर कोणी म्हणेल, आपल्या पुराणांत काय कमी रक्तपात आहे? नृसिंहाने हिरण्यकशिपूचे पोट फाडले, ही कथा आपण तीन वर्षांच्या मुलांना सांगतोच की! प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर शोधण्यासारखे आहे. आजीच्या मांडीवर बसून ही कथा ऐकणारे मूल त्या प्रसंगाचे चित्र स्वतःच रंगवते, आणि त्याला सोसेल एवढेच रंगवते. भीती वाटली तर ते आजीच्या पदराआड जाते. आजीही त्याचा चेहरा पाहून आवाज चढवते किंवा उतरवते, आणि प्रसंग आवरता घेऊन प्रल्हादाला देवाच्या मांडीवर नेऊन बसवते. पडद्यावर मात्र चित्र दुसऱ्याने रंगवलेले असते, आवाज कानठळ्या बसवणारा असतो, आणि पडदा मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत नाही. २०२५ साली ‘महावतार नरसिंह’ हा सचेतपट आला आणि कुटुंबेच्या कुटुंबे तो पाहायला गेली. प्रल्हादाची कथा घराघरांत पुन्हा बोलली गेली, याचा आनंद आहे. पण सचेतपट म्हणजे लहान मुलांचाच, हे समीकरण मात्र तपासून घ्यावे. वंदनीय मावशी केळकर रामायणावर प्रवचने करीत, तेव्हा त्यांच्याजवळ शब्दांपलीकडे कोणते साधन होते?

याचा अर्थ मुलांपासून दुःख लपवावे, असा कोणी घेऊ नये. मला तर उलटेच म्हणायचे आहे. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ १९५३ सालचा. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. साने गुरुजी काय किंवा अत्रे काय, दोघांचीही राजकीय मते आपल्या विचारांशी जुळणारी नव्हती, आणि तरीही हे पुस्तक आणि हा चित्रपट आपल्या घरांत आदराने राहिला, हे मराठी समाजाचे शहाणपण होय. त्या कथेत दारिद्र्य आहे, अपमान आहे, पोहायला जायला घाबरणाऱ्या मुलाला आईने दिलेला मार आहे, आणि शेवटी आईचा मृत्यू आहे. आजच्या एखाद्या काळजीवाहू समुपदेशकाला विचारले, तर आईचा मृत्यू मुलांना दाखवू नका, असे तो सांगेलही. पण त्या मृत्यूत क्रौर्य नाही. मुले रडतात, आणि रडून झाल्यावर आपल्या आईला जाऊन बिलगतात. ‘श्वास’ पाहा. २००४ साली त्याला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मराठीकडे आला होता. कोकणातल्या एका लहानग्याच्या डोळ्यांचा कर्करोग, आणि शस्त्रक्रियेने त्याची दृष्टी जाण्याआधी त्याला जग दाखवू पाहणारे आजोबा. विषय सांगितला तर मोठी माणसे दचकतील. पण चौथी-पाचवीतल्या मुलाबरोबर बसून हा चित्रपट निःशंकपणे पाहता येतो, कारण दिग्दर्शक संदीप सावंत यांनी मुलाच्या वेदनेचे प्रदर्शन मांडलेले नाही. दुःख आणि क्रौर्य यांत भेद करता आला, की पालकांचे निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे अवघड आहे, कारण ते चित्रपटावर अवलंबून नसून आपल्या मुलावर अवलंबून असते. विदर्भातल्या खेड्यात घडणारा ‘नाळ’ २०१७ साली आला. आपल्या वऱ्हाडी बोलीला त्याने पडद्यावर मानाने बसवले, आणि चैत्याचे काम करणाऱ्या श्रीनिवास पोकळे या मुलाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट इतका निर्मळ, की कोणत्याही यादीत तो पहिल्या पाचांत घालावा. पण त्याचा विषय आहे तो आपली खरी आई दुसरी कोणी आहे, हे कळलेल्या मुलाचा. ज्या घरी दत्तक घेतलेले मूल आहे आणि त्याला अजून ते सांगितलेले नाही, त्या घराने हा चित्रपट सहज म्हणून लावावा काय? जे घर ते सांगण्याची वेळ शोधत आहे, त्याला कदाचित हाच चित्रपट साहाय्य करील. प्रमाणन मंडळाजवळ या प्रश्नाचे उत्तर असू शकत नाही. ते आईजवळच असते.

विनोदाचेही असेच आहे. राजकुमार हिरानी आपल्या नागपूरचे. त्यांचा २००९ सालचा ‘थ्री इडियट्स’ अनेक घरांचा आवडता आहे, आणि शिक्षणाविषयी त्यातून जे सांगितले आहे ते मोलाचेही आहे. पण त्यातील भाषणाच्या प्रसंगात एका चांगल्या शब्दाच्या जागी एक अत्यंत हीन अपराधाचा शब्द घालून जे हसवले आहे, त्यावर आपण मुलांसमक्ष पोट धरून हसलो. मुलाने त्या शब्दाचा अर्थ विचारला, की मग विषय बदलायचा! येथे मुलाला न कळणे ही अडचण नाहीच. हा अपराध हसण्यासारखा असतो, एवढे त्याला आपल्या हसण्यातून कळून चुकते.

पूर्वी हे सारे कसे सांभाळले जात असे? त्या काळच्या चित्रपटांना सोवळे समजण्याचे कारण नाही. पण व्यवस्था वेगळी होती. आपण ज्या व्हरायटी चौकातून नित्य जातो, त्याला ते नाव एका चित्रपटगृहावरून पडले. त्या काळी चित्रपट ही वर्षातून एकदोनदा घडणारी घटना असे. घरातला काका किंवा थोरला भाऊ आधी पाहून येई, ‘घरच्यांना न्यायला हरकत नाही’ असे सांगे, आणि मग सगळे निघत. ही घरगुती प्रमाणन व्यवस्था! पुढे दूरदर्शन आले. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत रविवारी सकाळी रामानंद सागर यांचे ‘रामायण’ लागे, तेव्हा रस्ते ओस पडत आणि एका संचासमोर तीन पिढ्या, शिवाय शेजारी. मुलाने ‘वालीला लपून का मारले?’ असे विचारले, तर उत्तर द्यायला चार माणसे हजर असत, आणि त्या चौघांचेही एकमत नसे. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदीत तेच ‘रामायण’ पुन्हा दाखवले गेले, आणि काही आठवडे का होईना, घरे पुन्हा एका खोलीत बसली.

आज प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र पडदा आहे. आंतरजालावरून येणाऱ्या चित्रपटांनाही २०२१ च्या नियमांनी वयाच्या खुणा लावणे बंधनकारक केले, आणि ‘यूए १३+’ आणि त्यावरील आशयाला पालकांनी कुलूप लावण्याची सोय देणे भाग पाडले. येथे बसलेल्यांपैकी किती जणांनी ते कुलूप लावले आहे? हात वर करू नका, घरी जाऊन पाहा. बहुतेक घरांत ते कुलूप कसे लावायचे हे बाबांना मुलाकडूनच शिकावे लागते, हा त्यातला विनोद. आणि मुलाला बंदी घालून आपण स्वतः रात्री दाराआड तेच पाहणार असू, तर त्या कुलपाला अर्थ राहत नाही. मुले दाराआडचे आवाज ओळखतात.

सभेआधी एका भगिनीने विचारले, ‘ते सगळे ठीक, पण येत्या रविवारी काय दाखवू?’ यादी देणार नाही म्हणालो होतो, तरी एक नाव सांगतो. दादासाहेब फाळके यांचा १९१९ सालचा ‘कालियामर्दन’. त्यांच्या बऱ्याच चित्रपटांचे तुकडेच हाती राहिले आहेत, हा मात्र बराचसा सलग पाहायला मिळतो, आणि तासाभराच्या आत संपतो. यात श्रीकृष्ण झाली आहे फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. कथा सुरू होण्यापूर्वी दादासाहेबांनी एक गंमत केली आहे. आधी मंदाकिनी साध्या रूपात समोर येते, चेहऱ्यावर नाना भाव दाखवते, आणि मग पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. पुढे डोहात नागाशी झुंज होते तेव्हा पाहणाऱ्या मुलाला ठाऊक असते, की ही आपल्याएवढीच एक मुलगी आहे आणि हे सोंग आहे. चित्रपट मूक आहे. पाट्या तुम्हाला वाचून दाखवाव्या लागतील, यशोदेचे बोलणे तुम्हाला बोलावे लागेल, आणि मध्येच कोणी काही विचारले तर चित्रपट थांबवून सांगावे लागेल.