चर्चेविना संमती



कडगंचीचे केंद्रीय विद्यापीठ 2009 च्या अधिनियमाने स्थापन झाले. त्याचा खर्च मुख्यतः केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अनुदानातून भागतो. अशा प्रत्येक मागणीस लोकसभेची संमती लागते. धोरण अमान्य असल्यास मागणी 1 रुपयावर आणावी, गाऱ्हाणे मांडावयाचे असल्यास ती 100 रुपयांनी घटवावी, अशी कपातसूचना सदस्यास देता येते. परंतु चर्चेचे दिवस मोजके. अखेरच्या दिवशी ठरलेली वेळ होताच अध्यक्ष उरलेल्या सर्व मागण्या मतास टाकतात. यास ‘गिलोटिन’ म्हणतात. 2018 आणि 2023 साली एकाही मंत्रालयाच्या मागणीवर चर्चा न होता सर्व मागण्या संमत झाल्या.

येथे नामदार गोखल्यांचे स्मरण होते. 1892 च्या कायद्याने अर्थसंकल्पावर बोलण्याची मुभा दिली होती, मतदानाची नव्हे. तेवढ्या मुभेवर गोखल्यांनी 1902 साली मिठावरील कराविरुद्ध आकडेवार युक्तिवाद केला; 1903 मध्ये तो कर घटला.

त्यांना मत नव्हते, वाणी होती. आज मताधिकार आहे. वाणीला मात्र वेळ उरत नाही. 1993 पासून संसदेच्या विभागीय स्थायी समित्या मागण्यांची छाननी करतात. त्यांचे अहवाल ग्रंथालयाच्या कपाटात असावेत आणि सभासदांनी ते वाचावेत. सभागृहात न झालेली चर्चा निदान वाचनकक्षात तरी व्हावी.