कचारगडच्या यात्रेत लेकरू हरवलं तर



माघ पौर्णिमेला कचारगडला गोंड बांधवांची मोठी यात्रा भरते.
धनेगावपासून कचारगडच्या गुहेपर्यंत माणसांची रीघ लागते.
याच गुहेत कोंडलेल्या लेकरांना गोंडांचे धर्मगुरू पारी कुपार लिंगोंनी सोडवलं,
ही इथली श्रद्धा.

या गर्दीत आपलं लेकरू दिसेनासं झालं,
तर वाट पाहू नका.
लगेच पोलिसांना सांगा.

एकानं तिथंच थांबावं,
जिथं ते शेवटचं दिसलं.
दुसऱ्यानं भोंग्यावरून पुकारा करवून घ्यावा.
नाव सांगा. वय सांगा. अंगावरचे कपडे सांगा.
लेकरू गोंडी बोलत असेल, तर पुकारा गोंडीतही होऊ द्या.
घाबरलेलं पोर आपल्याच बोलीला आधी ओ देतं.

चोवीस तास थांबा, असं कुणी म्हणेल.
ऐकू नका.
असा कुठलाही नियम नाही.
हरवलेल्या मुलाची तक्रार पोलिसांनी लगेच नोंदवायची,
असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा आदेश आहे.

पोलिसांसाठी फिरवा, एक एक दोन.
मुलांच्या मदतीसाठी, एक शून्य नऊ आठ.
पुन्हा सांगते, एक शून्य नऊ आठ.

घरून निघतानाच लेकराचा फोटो मोबाइलवर काढा.
त्याच्या खिशात तुमच्या नंबरची चिठ्ठी ठेवा.

आणि दुसऱ्याचं रडतं पोर तुम्हाला दिसलं,
तर त्याला जवळच्या पोलिसांकडे न्या.
आई-बाप येईपर्यंत जरा थांबा त्याच्याजवळ.